अवधूताची शाळा आणि महामारीचा धडा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तजनहो, मार्गशीर्षातली थंडी पडू लागली की आपल्या घराघरांत श्रीगुरुचरित्राची पोथी बाहेर निघते. चौरंग मांडला जातो, समई लागते आणि सात दिवस घराचे वळणच बदलते. पौर्णिमेला पाळणा होतो, सुंठवडा वाटला जातो, आरती होते. वर्षानुवर्षे हे असेच चालत आले आहे.

करोनाची साथ येऊन गेली त्याला आता काही वर्षे झाली. पण पारायणाला बसलो की मला त्या काळातला एक प्रश्न आठवतो. तो मी डहाणूत ऐकला, कासा-चारोटीकडे ऐकला, तलासरीत ऐकला. कुणी रडत विचारला, कुणी रागाने, कुणी नुसते पोथीकडे बघून गप्प बसले. प्रश्न असा : "आम्ही एवढं पारायण केलं, नेम मोडला नाही, तरी आमचं माणूस का गेलं?"

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. 'प्रारब्ध' म्हणून हात झटकणे सोपे आहे, पण ज्याच्या घरातला माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेला, शेवटचे तोंडसुद्धा बघायला मिळाले नाही, त्याच्यापुढे तो शब्द उच्चारताना जीभ अडखळते. म्हणून या लेखात उत्तर देण्यापेक्षा आपण दत्तगुरूंच्या पद्धतीने त्या काळाकडे बघू या. ती पद्धत म्हणजे अभ्यास. जे समोर येईल त्याला गुरू करावे आणि त्याच्याकडून काय शिकता येते ते बघावे.

चैत्रातली ती पौर्णिमा

22 मार्च 2020 चा जनता कर्फ्यू आपल्याला आठवत असेल. त्यानंतर तीनच दिवसांत सारा देश बंद झाला. देवळांना कुलपे लागली. 8 एप्रिलला चैत्र पौर्णिमा होती. आपल्याकडे चैत्र पौर्णिमा म्हणजे विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा. पंधरा दिवस नुसता माणसांचा पूर असतो. वारली, कोकणा, धोडिया, मल्हार कोळी बांधव येतात, गुजरातेतून भक्त येतात. दर्शन होते, आणि वर्षाची मिरची, मसाला, सुकी मासळी, संसाराची भांडीकुंडी यांची खरेदीही होते. जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून आलेला ध्वज वाघाडीचा पुजारी मध्यरात्री डोंगराच्या शिखरावर लावतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या रात्रीचे मोल सांगायला नको.

त्या वर्षी यात्रा भरली नाही. पुढच्या वर्षी, 2021 च्या चैत्रातही भरली नाही.

तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या ते मी विसरलो नाही. "अरे, देवी मुळात वर डोंगरावर होती ना? मग खाली कशी आली, ते आठव की!" कथा आपल्या सर्वांना माहीत आहे. देवीची एक भक्त गरोदर होती. तशा अवस्थेत ती दर्शनाला डोंगर चढू लागली आणि वाटेत मूर्च्छा येऊन पडली. देवीला दया आली. "तू वर येऊ नकोस, मीच पायथ्याशी येते," असे सांगून ती खाली आली. आज आपण ज्या देवळात जातो ते पायथ्याचे देऊळ, चढू न शकलेल्या एका बाईसाठी झालेले आहे.

दत्तसंप्रदायात हीच गोष्ट एका शब्दात सांगितली आहे. दत्तगुरूंना 'स्मर्तृगामी' म्हणतात. स्मर्तृगामी म्हणजे जो स्मरण करील त्याच्याकडे जाणारा. आपण देवाकडे जातो ती यात्रा. देव आपल्याकडे येतो ते स्मरण. देवळाला कुलूप लागते, स्मरणाला लागत नाही. 2020 च्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीच्या गाडीतून पंढरपूरला गेल्या. शेकडो वर्षे पायी चाललेली वारी त्या वर्षी चाकांवर गेली. लाखो वारकरी घरी राहिले, पण वारी चुकली असे कुणा जाणत्या वारकऱ्याने म्हटले नाही.

महाराष्ट्रातली देवळे 16 नोव्हेंबर 2020 ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेला पुन्हा उघडली. या सर्व काळात देव आत कोंडलेला नव्हता, हे आपण मनाशी पक्के केले पाहिजे. तसे नसेल तर देऊळ उघडल्यावर तरी आपल्याला तो कुठे भेटणार?

घेवड्याचा वेल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पारायण केले, मग संकट का आले?

श्रीगुरुचरित्रातली अठराव्या अध्यायातली कथा घ्या. अमरापूरचा गरीब ब्राह्मण. कोरान्न मिळेल त्यावर संसार, आणि ज्या दिवशी काहीच मिळणार नाही त्या दिवशी दारातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगा. श्रीगुरू नृसिंहसरस्वती त्यांच्या घरी भिक्षेला आले. घरात धान्याचा दाणा नव्हता. त्याने शेंगांचीच भिक्षा वाढली. श्रीगुरू संतुष्ट झाले आणि जाताना त्यांनी तो वेलच तोडून टाकला! बायको रडू लागली. मुले रडू लागली. पुढे वेलाचे मूळ काढायला ब्राह्मणाने जमीन खणली तर धनाने भरलेला कुंभ निघाला.

ही कथा आपण नेहमी कुंभासाठी वाचतो. मीही तशीच वाचत आलो. पण करोनाच्या काळात ती वाचताना कुंभाच्या ओळींवर मला थांबवेना. कारण त्या दोन वर्षांत वेल पुष्कळांचे तुटले. बागेतला चिकू झाडाखाली पडून राहिला. वीटभट्टीवर गेलेले मजूर अर्ध्या हंगामात परतले. गुजरातच्या बंदरांत मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून गेलेली आपली आदिवासी मुले परत यायला निघाली आणि उंबरगाव-नारगोळसमोर समुद्रातच अडकली. किनारा दिसत होता, उतरता येत नव्हते. किती घरांतला कर्ता माणूस गेला. खरे बोलायचे तर प्रत्येकाच्या वेलाखाली कुंभ निघाला नाही.

मग ही कथा आपल्याला काय देते? जरा मागे जाऊन बघा. वेल तुटला आहे, घरात रडारड आहे, आणि कुंभ अजून सापडलेला नाही. त्या मधल्या घटकेत तो ब्राह्मण काय करतो? तो बायकोची समजूत घालतो, श्रीगुरूंना दोष देऊ नको म्हणतो, ज्याने जन्माला घातले तो पोसणारा आहे म्हणतो. आणि मग उठून कुदळ घेऊन जमीन साफ करायला लागतो. त्याला खाली काय आहे ते ठाऊक नाही. तो फक्त त्या दिवशीचे काम करतो.

श्रद्धा ती एवढीच घटका आहे. कुंभ सापडल्यावर कुणीही श्रद्धावान होईल. पारायण म्हणजे काही विम्याचा हप्ता नव्हे, की हप्ते वेळेवर भरले म्हणजे घरावर संकट येऊ नये. श्रीगुरूंच्या काळातही माणसे आजारी पडत होती, मरत होती. पोथीत रोग, दारिद्र्य, मृत्यू यांच्याच कथा आहेत. पोथी आपल्याला संकट टळेल असे सांगण्याआधी संकटात कसे उभे राहायचे ते सांगते.

यदुराजाचा प्रश्न

भागवताच्या अकराव्या स्कंधात भगवान श्रीकृष्ण उद्धवाला एक कथा सांगतात. यदुराजाला वनात एक अवधूत भेटतो. जवळ काही नाही, पण चेहऱ्यावर आनंद. राजा हात जोडून विचारतो, सारे जग काळजीच्या वणव्यात जळत असताना तुम्हाला झळ कशी लागत नाही? अवधूत उत्तर देतो, मी चोवीस गुरू केले. आणि मग तो पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी इथपासून अजगर, मधमाशी, हरिण, मासा, कोळी अशी यादी सांगतो. संप्रदायात या अवधूताला दत्तगुरूच मानले आहे. एकनाथ महाराजांनी याच स्कंधावर मराठीत विस्ताराने टीका लिहिली आणि ती काशीत 1573 साली पूर्ण झाली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे दत्तभक्त होते, हेही इथे आठवावे.

या चोविसांपैकी चार गुरू मला करोनाच्या काळात पुन्हा भेटले. त्यांचे धडे पुढे मांडतो.

कुमारीच्या हातातली बांगडी

एका मुलीला बघायला पाहुणे आले. घरची माणसे बाहेर गेली होती. तांदूळ तयार नव्हते म्हणून ती आत एकटीच भात कांडायला बसली. मुसळ हलले की हातातल्या बांगड्या वाजत. पाहुण्यांना ऐकू गेले तर घरची गरिबी कळेल, म्हणून तिने एकेक बांगडी काढत नेली. दोन उरल्या तरी वाजू लागल्या. शेवटी प्रत्येक हातात एकच ठेवली, तेव्हा आवाज थांबला. अवधूत म्हणतो, एकांत कसा असावा ते मी या मुलीकडून शिकलो.

टाळेबंदीत आपल्याला दोन्ही अनुभव आले. सगळे घरात कोंडले गेले तेव्हा बांगड्या खूप वाजल्या! सासू-सून, बाप-लेक, भावाभावांची भांडी एकमेकांवर आदळली. आणि ज्याला आजार झाला तो चौदा-चौदा दिवस एका खोलीत. ताट दाराशी ठेवायचे, बोलणे खिडकीतून. काही वृद्धांना ते फार लागले. "आम्ही काय वाळीत टाकलेले आहोत का?" असे ते म्हणत.

पण कथेत एक बारीक गोष्ट आहे. मुलगी एकटी बसली ती पाहुण्यांचा कंटाळा आला म्हणून नाही. ती त्यांच्याच जेवणासाठी कांडत होती. तिचा एकांत दुसऱ्यासाठी होता. त्या दिवसांत आपण एकमेकांपासून लांब राहिलो तेही याच भावाने राहायचे होते. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होऊ नये, हा लांब राहण्याचा धर्म. ज्यांनी तो ओळखला त्यांना एकांत जड गेला तरी कडू लागला नाही. पुष्कळांनी त्याच खोलीत जपाची माळ हातात घेतली आणि आजवर सोडलेली नाही.

मधमाशी

मधमाशी फुलाफुलातून थोडे थोडे घेते, फूल दुखवत नाही. हा तिचा एक धडा. 'माधुकरी' हा शब्द त्यातूनच आला. दुसरा धडा उलटा आहे. मध साठवत राहिली की तो साठाच तिच्या नाशाला कारण होतो. मध काढणारा येतो आणि सारे घेऊन जातो.

अवधूत हे संन्याशाला सांगतो. गृहस्थाला साठा करावाच लागतो, त्यात पाप नाही. घरात मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत. पण मार्च 2020 मध्ये दुकानांपुढे लागलेल्या रांगा आठवा. ज्याच्या घरी महिन्याचे धान्य होते तो तीन महिन्यांचे घ्यायला धावला. त्याच वेळी आपल्या पाड्यांवर रोज कमवायचे आणि रोज चूल पेटवायची, अशी स्थिती होती. अच्छाडच्या सीमेवरून महामार्गाने माणसे डोक्यावर बोचके, कडेवर मूल घेऊन चालत होती.

आपल्या भागात पुष्कळांनी तेव्हा चांगले काम केले. कुणी खिचडी शिजवून वाटली, कुणी पाण्याचे पिंप रस्त्याला ठेवले, कुणी पाड्यावर शिधा पोचवला. नावे छापून आली नाहीत, ते बरेच झाले. अशी खिचडी वाटली गेली तेव्हा भिक्षापात्र कुणाच्या हातात होते ते विचारात घ्या. दत्तप्रभू रोज मध्यान्ही कोल्हापुरी भिक्षेला येतात असे आपण म्हणतो. त्या वर्षी ते महामार्गावरही उभे होते.

कबुतर

या गुरूपाशी मी फार अडलो. कबुतराचे एक जोडपे. पिल्ले जाळ्यात अडकली. आई त्यांच्यासाठी जाळ्यात झेपावली. बापाने ते पाहिले आणि आता जगून काय करू म्हणून तोही जाळ्यात शिरला. पारध्याचे काम सोपे झाले. अवधूत म्हणतो, अतिस्नेह करू नये.

ज्याचे माणूस गेले त्याला ही कथा कशी सांगावी? 'मोह सोडा' म्हणणे क्रूर होईल. माझ्या ओळखीच्या एका घरात पंधरा दिवसांत दोघे गेले. मागे राहिलेल्या आजोबांनी जेवण सोडले होते. पोथी बंद करून ठेवली होती. कुणी काही म्हटले की ते म्हणत, "आता कुणासाठी वाचू?" एके दिवशी नातू जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, मला भूक लागली आहे, तुम्ही जेवल्याशिवाय आई वाढत नाही." आजोबा जेवले. पुढल्या गुरुवारी पोथी उघडली.

मला वाटते, कबुतराचा धडा तो इथे आहे. गेलेल्यावरचे प्रेम कमी करा असे अवधूत सांगत नाही. जाळ्याबाहेर अजून कुणी आहे का, ते बघा. कबुतराच्या घरट्यात कुणी उरले नव्हते. आपल्या घरट्यात बहुधा कुणीतरी उरलेले असते. त्याच्यासाठी जाळ्यात उडी घ्यायची नाही, एवढा संयम हेच त्या वेळचे वैराग्य.

हरिण

आता जो धडा सांगतो तो आपल्या डहाणू तालुक्याच्या काळजावरचा आहे. टाळून पुढे गेलो तर या लेखाला अर्थ राहणार नाही.

हरिण शिकाऱ्याच्या गाण्याला भुलते. कान देऊन उभे राहते आणि सापडते. अवधूत म्हणतो, कानाला जपावे.

एप्रिल 2020 मध्ये आपल्या भागात मोबाइलवरून आणि तोंडोतोंडी एक बोलणे पसरत होते. मुले पळवणारे आले आहेत, माणसांचे अवयव काढणारे रात्री फिरत आहेत. आधीच रोगाची भीती, त्यात हाताला काम नाही, त्यात रात्री अनोळखी गाडी दिसली की धस्स. गावोगाव पहारे बसले. मदत करायला आलेल्यांच्या गाडीवरही दगड पडले. आणि 16 एप्रिलच्या रात्री गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. ते कांदिवलीहून आपल्या गुरूंच्या अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते.

त्या घटनेवर देशभर पुष्कळ बोलले गेले, तिला नाना रंग दिले गेले. न्यायाचे काम न्यायालयाचे आहे. मला दत्तभक्त म्हणून एवढेच म्हणायचे आहे, की आपला देव कोणत्या वेषात हिंडतो ते आपण रोज आरतीत आळवतो. काखेला झोळी, अंगाला भस्म, पायी भ्रमंती. अनसूयामातेच्या दारात तिन्ही देव आले तेही अनोळखी अतिथी म्हणूनच. एकनाथांना दत्तदर्शन झाले ते मलंगाच्या वेषात, असे परंपरा सांगते. आणि आपल्याच तालुक्यात गुरूच्या अंत्यदर्शनाला निघालेले साधू चोर समजून मारले गेले. दया हा ज्या साध्यासुध्या माणसांचा स्वभाव आहे त्यांना भीतीने आंधळे केले.

इथे पाड्यावरच्या माणसांकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. तो निरोप माझ्याही मोबाइलवर आला होता. तो खोटा आहे हे मला कळले होते. मी तो पुसून टाकला आणि पूजेला बसलो. कुणाला फोन करून 'हे खोटे आहे, घाबरू नका' असे मी म्हटले नाही. मला वाटले, आपण पुढे पाठवला नाही, आपले काम झाले. सोळा तारखेनंतर कित्येक दिवस जपाला बसलो की हाच विचार येई. माझ्या एका फोनने काही बदलले असते की नाही, देव जाणे. पण फोन करायला हवा होता. कान जपायचा म्हणजे स्वतःचाच जपून भागत नाही, शेजाऱ्याचाही जपावा लागतो.

देह नावाचा गुरू

चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूत थांबत नाही, हे पुष्कळदा आपल्या ध्यानात येत नाही. तो पुढे म्हणतो, माझा हा देहसुद्धा गुरू आहे. हाच विवेक आणि वैराग्य शिकवतो. आणि शेवटी आणखी एक फार मोलाचे सांगतो. एकाच गुरूकडून सारे ज्ञान पुरते मिळत नाही.

देह हा गुरू करोनात सर्वांना भेटला. एरवी श्वासाकडे कोण लक्ष देतो? बोटाला यंत्र लावून आकडा बघायची वेळ आली तेव्हा श्वास म्हणजे काय ते कळले. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये प्राणवायूसाठी माणसे वणवण फिरली. देह आपल्या मालकीचा नाही, तो सांभाळायला दिलेला आहे, हे सांगायला आणखी कोणता ग्रंथ हवा?

सांभाळायला दिलेली वस्तू सांभाळावीच लागते. म्हणून औषध आणि श्रद्धा यांत भांडण लावू नये. त्या काळात काही जण म्हणत, "देवावर विश्वास आहे, मग लस कशाला?" माझ्या वयाच्या वाचकांनी आपल्या दंडावर हात फिरवून बघावा. तो व्रण कसला आहे? आपल्या आयांनी त्या रोगालाच 'देवी' म्हटले आणि त्याच्यावरच्या लशीलाही 'देवी टोचणे' म्हटले. रोगाचा कोप आणि त्यावरचा उपाय, दोन्ही त्यांनी एकाच नावाने देवाच्या पदरात घातले. हिंदुस्थानातली देवीची पहिली लस 14 जून 1802 रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. आपल्या देशात या रोगाचा शेवटचा रुग्ण 1975 साली आढळला आणि 8 मे 1980 रोजी सारे जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवी टोचून घेणाऱ्या आपल्या आजीची भक्ती कमी झाली होती काय?

'एकाच गुरूकडून सारे मिळत नाही' हे वाक्य मी तेव्हा असे समजून घेतले. तापाचा धडा डॉक्टरकडून घ्यावा. सुईचा धडा परिचारिकेकडून. पाड्यापाड्यांवर उन्हातान्हात चालत गेलेल्या आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंकडून सेवेचा धडा. जुन्या साथीकडे पाहिले तर 1897 साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना स्वतः प्लेग होऊन गेलेल्या सावित्रीबाई फुले याही त्याच माळेतल्या. ज्याच्या हातून प्राण वाचतो त्याच्या हातात गुरूचा हात ओळखणे, हीच दत्तभक्ती.

वाळलेल्या काठीला पाणी

मग पारायण कशासाठी? गाणगापूरच्या नरहरीची कथा आठवा. अंगावर कुष्ठ फुटलेला हा ब्राह्मण श्रीगुरूंना शरण आला. श्रीगुरूंनी त्याला औदुंबराचे वाळके लाकूड दाखवले आणि हे लावून रोज पाणी घाल म्हणाले. तो रोज नदीवरून पाणी आणून घालू लागला. लोक हसले. वाळक्या लाकडाला कधी पाने फुटतात का? त्याने कुणाशी वाद घातला नाही आणि पाणी घालणेही सोडले नाही. पुढे श्रीगुरूंनी कमंडलूतले पाणी शिंपडले आणि लाकडाला पालवी फुटली. नरहरीही रोगमुक्त झाला.

पालवी फुटवणे श्रीगुरूंच्या हातात होते. रोज घागर भरून आणणे नरहरीच्या हातात होते. पारायण म्हणजे ती घागर. ती रोज भरली तर माणूस भीतीच्या वेळी विवेक सोडत नाही, एवढे फळ नक्की मिळते. साथीच्या काळात तेवढ्याने एखादे घर सावरते, कधी एखादा जीवही वाचतो.

म्हणून या सप्ताहात पोथीबरोबर आणखी तीन नेम धरावे, अशी वाचकांना विनंती आहे.

पहिला, त्या दोन वर्षांत आपल्या गावातून गेलेल्या एखाद्या माणसाच्या घरी जावे. तेव्हा जाता आले नव्हते. उपदेश करू नये, पोथीतले दाखले देऊ नयेत. चहा घ्यावा, गेलेल्या माणसाची आठवण काढावी आणि बसावे.

दुसरा, कानावर किंवा मोबाइलवर भीती घालणारी गोष्ट आली की ती नुसती पुसून टाकू नये. आधी खरे-खोटे विचारावे आणि खोटी निघाली तर निदान दोघांना फोन करून तसे सांगावे.

तिसरा, दत्तजयंतीच्या महाप्रसादातले पहिले ताट दारावर येणाऱ्या अनोळखी माणसासाठी काढून ठेवावे. कुणी आले नाही तर पाड्यावर नेऊन द्यावे. जात, गाव, वेष विचारू नये.

आणि ज्यांनी "आमचं माणूस का गेलं?" असे विचारले त्यांना माझा साष्टांग नमस्कार. तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. पण तुम्ही तो प्रश्न घेऊनही पुन्हा पोथीसमोर येऊन बसलात, समई लावलीत. वेल तुटलेला, कुंभाचा पत्ता नाही आणि तरी हातात कुदळ. श्रीगुरू भिक्षेला येतात ते अशाच घरी.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥